मागची सीट नसलेली गाडी

मोटारसायकल चालवायला थायलंडला जायचं आहे, हे गजेंद्रने बायकोला सांगितलं ते तिचे हात पिठात असताना. त्याचा अंदाज असा, की भाकरी थापणारी बाई हातातलं टाकून भांडायला उठत नाही. उज्ज्वला उठली नाहीच. तिने कळण्याची भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"फटफटी चलावाले थायलंडले जानं पडस का? आठे रस्ता नहीत?"

"रस्ता नही तठेच चलावनी ऱ्हास ती. चिखल, खड्डा, मातीना ढिगारा."

"मंग भेस्तान काय वाईट शे?"

गजेंद्रने दाराबाहेर बघितलं. सुरतेच्या भेस्तान भागातल्या त्यांच्या गल्लीत चार महिन्यांपासून गटाराचं काम चालू होतं आणि चिखल, खड्डे, ढिगारे हे तिन्ही प्रकार दारातून दिसत होते.

आता यात गजेंद्रचं नेमकं काय चुकलं, हे भेस्तानात अजून कोणाला धड सांगता येत नाही. माणूस तसा सरळ. पलसाण्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये तो कलर मास्टर आहे. रंगवलेलं कापड मशीनमधून बाहेर आलं, की त्याचा रंग पार्टीने दिलेल्या नमुन्याशी जुळतो की नाही, हे डोळे बारीक करून सांगायचं, हे त्याचं काम. भेस्तान ते पलसाणा रोजचं जाणं-येणं मोटारसायकलवर. जाताना मागे गल्लीतला कोणीतरी मिलवाला, येताना कापडाचं गाठोडं. रविवारी आईला दवाखान्यात न्यायचं, बायकोला बाजारात, लेक चैतालीला क्लासला. गावाकडून पाहुणा आला की उधना स्टेशनवर हजर व्हायचं. गॅसची टाकी, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, एकदा तर कानबाई देवीच्या कार्यक्रमाचा लाउडस्पीकरही त्याच्या मागे बसून आला होता. गाडी गजेंद्रच्या नावावर असली तरी मागची सीट भाऊबंदांच्या नावावर होती. वय अडतीस झालं, पण मागे कोणी नाही आणि आपण सुसाट निघालोय, असं त्याच्या आयुष्यात झालेलं नव्हतं.

अशा माणसाला प्रज्ञेशने तो व्हिडिओ दाखवला. प्रज्ञेश त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत भुसावळहून सुरतेला आले आणि इथलेच झाले. तो स्वतः कतारगामच्या एका हिऱ्याच्या कारखान्यात लेझर मशीनवर असतो. व्हिडिओत मातीच्या टेकाडांवरून गाड्या उडत होत्या. याला मोटोक्रॉस म्हणतात, प्रज्ञेश म्हणाला. गजेंद्रचं उड्यांकडे लक्ष नव्हतं. त्याने व्हिडिओ थांबवला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि बघतच राहिला. त्या गाडीला एकाच माणसापुरती सीट होती. मागे मडगार्ड सरळ आभाळाकडे गेलेलं. तिथे आई बसणार नाही, टाकी बसणार नाही, गाठोडं बांधायला हूकसुद्धा नाही. जन्मात एकदा, फक्त पाच दिवस, आपल्याला हीच गाडी चालवायची आहे, असं त्याने त्याच जागी ठरवून टाकलं.

पुढचं सगळं प्रज्ञेशने शोधलं. थायलंडच्या उत्तरेला डोंगरात एक कॅम्प होता. गाडी, बूट, हेल्मेट सगळं तिथेच भाड्याने मिळायचं, शिकवणारा माणूस मिळायचा. दिवाळीत सुरतेच्या मिली बंदच असतात. भाऊबीज झाली की निघायचं आणि मिल चालू व्हायच्या आत परत यायचं. कसं अगदी सोपं काम होतं.

पण दोन लग्न झालेले पुरुष बायकांना घरी ठेवून थायलंडला निघाले, असं सुरतेत सांगून बघा. लोक पुढचं काही विचारतच नाहीत, नुसतं हसतात. मिलमधल्या फोरमनने गजेंद्रच्या पाठीवर थाप मारली आणि डोळा मारला. पानवाल्याने पानात गुलकंद जरा जास्तच घातला. गजेंद्र जीव तोडून सांगायचा, की बाबांनो, आम्ही चिखलात गाडी चालवायला चाललोय. जितकं सांगावं तितके लोक जास्त हसायचे. प्रज्ञेशची बायको दीप्ती तर म्हणाली, की खुशाल जा, पण पाचही दिवस व्हिडिओ कॉल चालू राहिला पाहिजे, झोपेतसुद्धा.

उज्ज्वलाने भांडण केलं नाही, त्याहून वाईट केलं. तिने सासूला सांगितलं.

प्रमिलाबाई तेव्हा मेथी निवडत होत्या. वय एकसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मेथीच्या दोन काड्या मोडल्या आणि मुलाला म्हणाल्या, "जाय ना भाऊ. मी बी येस संगे."

झालं. एका वाक्यात गल्लीची तोंडं बंद. आईला घेऊन थायलंडला जाणाऱ्या माणसाबद्दल कोण काय बोलणार? उज्ज्वलाचा चेहरा खुलला, दीप्तीने व्हिडिओ कॉलची अट मागे घेतली, फोरमन मात्र फार हिरमुसला. गजेंद्रने स्वतःची समजूत घातली, की आई हॉटेलात बसेल, आपण डोंगरात गाडी फिरवू. त्या गाडीवर मागे सीट नाही म्हणजे नाही. तिथे आईचं काही चालणार नाही.

आई निघाली म्हटल्यावर निंबाआप्पा निघाले. आप्पा म्हणजे गजेंद्रचे चुलते. दिवसभर पोरं गाड्या उडवतील आणि वहिनी परमुलखात एकट्या बसतील, हे त्यांना पटेना. आप्पा मिलच्या ऑफिसातून निवृत्त झालेले आणि अक्षर मोत्यासारखं. गल्लीतला कुठलाही फॉर्म आप्पांच्या हातून गेल्याशिवाय सरकारदरबारी पोहोचत नसे. पाच वर्षांपूर्वी त्यांनी एका सपाट्यात सगळ्या भाऊबंदांचे पासपोर्ट काढून घेतले होते, कोणी कुठे जाणार नसताना. त्यामुळे कागदपत्रांची अडचण नव्हती. उज्ज्वलाला विचारलं, तर ती म्हणाली मी चैतालीला घेऊन माहेरी शिरपूरला जाते, पाच दिवस मला कोणी हाक मारू नका. या सगळ्या प्रकरणात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत जिचा गोंधळ झाला नाही, अशी ती एकटीच.

बुकिंगचं काम कतारगामच्या चंचलबेनकडे दिलं. चंचलबेन वीस वर्षांपासून केदारनाथ आणि दुबईचे ग्रुप काढतात, सोबत स्वयंपाकाला महाराज घेऊन. मोटोक्रॉस हा शब्द त्यांच्या ऑफिसात पहिल्यांदाच आला होता. त्यांनी वहीत 'बाइक यात्रा' असं लिहून घेतलं आणि कांदा-लसूण चालेल का, ते विचारलं. दोन गाड्या, चार माणसं, बयाणा भरून झाला. आता कॅम्पचा फॉर्म भरून नावं पाठवा, एवढंच उरलं.

नावं पाठवायच्या दिवशी गजेंद्र मिलमध्ये अडकला होता. मोरपिशी रंगाचा एक लॉट सारखा हिरव्याकडे झुकत होता आणि पार्टी डोक्यावर उभी होती. चंचलबेनचा तिसरा फोन आला तेव्हा त्याने घरी फोन लावून सांगितलं, की आप्पा, तुम्हीच फॉर्म भरून टाका. यापेक्षा विश्वासाचा माणूस त्याला दुसरा कुठे मिळणार होता?

आप्पांनी हातपाय धुतले, चष्मा पुसला आणि फॉर्म भरला. कुठल्याही यादीत वडीलधाऱ्यांचं नाव वर, ही काय शिकवायची गोष्ट आहे? लग्नपत्रिका असो, देणगीची पाटी असो, नाहीतर रेशनकार्ड. आयुष्यभर आप्पांनी भाऊबंदांच्या पत्रिकांचे मजकूर लिहून दिले, नावांच्या क्रमात त्यांच्याकडून कधी चूक झाली नाही. म्हणून पहिल्या ओळीत श्रीमती प्रमिलाबाई. दुसऱ्या ओळीत वयाच्या मानाने ते स्वतः. तिसऱ्या ओळीत गजेंद्र, चौथ्यात प्रज्ञेश.

पहिल्या दोन ओळींपुढे आणखी एक रकाना होता: नवशिके, मध्यम की तरबेज. आप्पांनी क्षणभर विचार केला. थोरल्या वहिनींच्या नावापुढे 'नवशिके' लिहिणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी 'तरबेज'वर खूण केली. स्वतःच्या नावापुढे वहिनींची बरोबरी नको म्हणून 'मध्यम'. मग फॉर्मचा फोटो काढून पाठवून दिला आणि चहा घेतला.

आठवड्याभराने चंचलबेनचा घरी फोन आला. प्रमिलाबेनच्या पायाचं माप हवं होतं, आणि उंची. उज्ज्वलाने टेप आणून माप घेतलं. हॉटेलात पाहुण्यांना चपला देत असतील, असं प्रमिलाबाईंना वाटलं. उंची कशाला, तर पलंग तेवढा लांब द्यायला, असं आप्पांनी सांगितलं. दोन दिवसांनी रक्तगट विचारला. हे गजेंद्रच्या कानावर आलं तेव्हा तो जरा चमकला, पण म्हातारं माणूस आहे, परदेश आहे, चौकशी करणारच, असं म्हणून त्याने सोडून दिलं. मग विचारणा आली, की पूर्वी कुठलं हाड मोडलंय का. प्रमिलाबाईंनी लहानपणी विहिरीवर घसरून डावं मनगट मोडलं होतं, ती हकीकत सविस्तर सांगितली आणि चंचलबेनने ती तितकीच सविस्तर कळवली. इतकी आस्थेने विचारपूस करणारे लोक आपल्याकडे राहिले नाहीत, असं आप्पा म्हणाले. गजेंद्रचं आणि प्रज्ञेशचं माप मात्र कोणी विचारेना. आपण पुरुष, आपल्याला काय, कुठलेही बूट चालतील, अशी प्रज्ञेशने त्याची समजूत घातली.

आणि मग एका दुपारी, मिलमध्ये मशीनसमोर उभा असताना, गजेंद्रच्या मोबाइलवर कॅम्पचं पत्र आलं. वर एका लाल, उंच, दांडग्या गाडीचा फोटो. खाली लिहिलेलं, की आमच्याकडची सगळ्यात ताकदीची गाडी आपल्या मुख्य रायडर प्रमिलाबाई यांच्यासाठी राखून ठेवली आहे. या वयात इतकं कौशल्य टिकवून ठेवल्याबद्दल अभिनंदन, कॅम्पवरचे तरुण शिक्षक त्यांना भेटायला उत्सुक आहेत. दुसरी, जराशी लहान गाडी निंबाआप्पांना. सोबत येणाऱ्या दोन न चालवणाऱ्या पाहुण्यांसाठी सावलीत खुर्च्या आणि थंड नारळपाण्याची सोय केलेली आहे.

गजेंद्रने पत्र तीनदा वाचलं. आधी त्याला वाटलं, दुसऱ्याच कोणा प्रमिलाबाईचं पत्र आपल्याकडे आलंय. मग त्याने स्वतःचं नाव शोधलं. ते नारळपाण्याच्या ओळीत सापडलं. तेवढ्यात मशीनमधून निघालेलं कापड एकाने समोर धरलं आणि विचारलं, मास्टर, शेड बरोबर का? गजेंद्र बरोबर म्हणाला. ते कापड सपशेल हिरवं होतं.

संध्याकाळी प्रज्ञेशला घेऊन तो चंचलबेनच्या ऑफिसात गेला. चंचलबेनने फॉर्म काढून समोर ठेवला. आप्पांचं मोत्यासारखं अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

"भाई, गाडी दो है," चंचलबेन म्हणाल्या. "ऊपर के दो नाम, वो रायडर. नीचे के दो, वो साथवाले. फॉर्म में साफ लिखा है. मैं तो बोली, क्या बात है, माताजी चलाती है!"

"तुम्हाला एकसष्ट वर्षांची बाई गाडी उडवते हे खरं वाटलं?" प्रज्ञेशने विचारलं.

"क्यों नहीं? मेरे ग्रुप में तो अस्सी साल की बा केदारनाथ चढ़ती है."

चंचलबेनने मार्ग सांगितला तो असा. विमा नावावर निघाला होता, गाड्या नावावर लागल्या होत्या. पण पहिल्या दोघांनी आपण गाडी सोडत आहोत असं सहीनिशी लिहून दिलं, की कॅम्पवाले खालच्या दोघांच्या नावावर करून देतील. दोन सह्या, बस. टेन्शन नहीं लेवानुं. गजेंद्रचा जीव भांड्यात पडला. घरातल्या दोन सह्या म्हणजे काय अवघड?

पहिल्यांदा तो आप्पांकडे गेला. आप्पांनी ऐकून घेतलं. आपल्याला गाडी चालवायची आहे हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं, आणि त्यांच्या गुडघ्यांच्या वाट्या घासून दहा वर्षं झाली होती. साधा माणूस असता तर हसला असता. पण आप्पांच्या डोक्यात गाडी शिरलीच नाही, शिरली ती यादी. छापून गेलेल्या यादीतून चुलत्याचं नाव खोडायचं? उद्या पत्रिकेतूनही खोडाल, ते म्हणाले. आप्पा रुसले. त्यांनी गजेंद्रकडचा चहा बंद केला आणि गल्लीत कोणी विचारलं, तर माझं कुठे कोण आहे, असं म्हणू लागले.

गजेंद्र पुरता गोंधळला. जो माणूस गाडी चालवूच शकत नाही, त्याच्याकडून गाडी मागायची कशी आणि तो रुसतो कशाला? गजेंद्रच्या आईला मावशी म्हणणारा प्रज्ञेश म्हणाला, आधी मावशींची सही घे, ती सोपी आहे. मावशी काही यादीला धरून बसणार नाहीत.

रविवारी सकाळी गजेंद्र कागद घेऊन आईसमोर बसला. झालेला घोटाळा सांगितला. प्रमिलाबाई आधी पोट धरून हसल्या. तरबेज म्हणे! मग म्हणाल्या, बघू तर खरी मला कुठली गाडी दिलीय. त्याने मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"हिले मांगे सीट नही?"

"नही."

"काबर?"

"एकच जन बसस तिनावर."

"आनि तुले हाईच जोयजे व्हती."

गजेंद्रने मान खाली घातली. आईने फोटोतल्या मडगार्डवर बोट ठेवलं.

"म्हंजे मांगे कोनीच नको," प्रमिलाबाई म्हणाल्या.

गजेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसं नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ते तसंच होतं. पंधरा वर्षं ज्यांना मागे बसवून नेलं आणि कधी तोंड वाकडं केलं नाही, त्यांच्यातल्या पहिल्या माणसाला आज कळलं होतं, की हा मनातून कंटाळलाय. त्याला फार लाज वाटली. त्याने कागद घडी करून खिशात घालायला घेतला, तर आईने त्याचा हात धरला. ती रागावली नव्हती. उलट तिच्या आवाजात काहीतरी भलतंच होतं.

"माले राग नही उना, भाऊ. तुना बाप व्हता तवय त्याना मांगे बसनू. तो गया, मंग तुना मांगे. चाळीस वरीस व्हयनात. माले पुढना रस्ता कधी दिसनाच नही. दिसना तो निस्ता शर्ट. आते पहिलांदाच मनं नाव वरे लिखायनं शे." त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "मी सही नही करस."

गजेंद्र हसायला लागला. आई हसत नाही हे बघून थांबला.

त्यानंतरचे काही दिवस घरात कोणाला काही समजेना. उज्ज्वलाने सासूबाईंना समजावायचं म्हणून सुरुवात केली आणि अर्ध्या तासाने ती नवऱ्यालाच म्हणाली, की आईंचं काय चुकलं? प्रज्ञेशने कॅम्पला लांबलचक पत्र लिहिलं. मुख्य रायडर एकसष्ट वर्षांच्या आहेत, तरबेज नाहीत, त्यांनी आयुष्यात सायकलही चालवलेली नाही, तेव्हा आपण त्यांना नकार कळवावा ही विनंती. कॅम्पचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. कळवल्याबद्दल आभार, दांडगी गाडी बदलून सगळ्यात लहान देत आहोत, त्यांना सपाट मैदानावर शिकवू. जागा आमची स्वतःची असल्याने लायसन्सची गरज नाही, वयाची अट नाही, फक्त येण्याआधी क्लच आणि गिअर यांची ओळख करून घ्यावी. तरुण शिक्षक पूर्वीइतकेच उत्सुक आहेत.

हे पत्र ऐकून आप्पांचा रुसवा कसा गेला, ते त्यांचं त्यांना माहीत. वहिनी खरंच गाडी शिकणार, म्हणजे आता कच्च्या लायसन्सचा फॉर्म भरावा लागणार. कॅम्पला लागत नसलं म्हणून काय झालं? फॉर्मशिवाय कुठलीही गोष्ट सुरू होते, हे आप्पांना मान्य नव्हतं. ते चहाला परत आले. येताना स्टॅम्पपेपर घेऊन आले. त्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की मी आपली गाडी कोणाच्याही दबावाखाली न येता स्वखुशीने पुतण्यास देत आहे, यादीतलं दुसरं नाव मात्र कायम राहील. चंचलबेनने तो कॅम्पला पाठवला. कॅम्पला तो काय कळला देव जाणे, पण गजेंद्रच्या नावावर गाडी लागली. प्रज्ञेशला खुर्ची आणि नारळपाणी राहिलं. मधेमधे गजेंद्रच्या गाडीवर हात मारून घेईन, तो म्हणाला. मावशींच्या गाडीला हात लावायची त्याची छाती नव्हती.

म्हणजे मिळाली एकदाची गजेंद्रला मागची सीट नसलेली गाडी. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण कॅम्पने सोबत वेळापत्रक पाठवलं होतं, त्यात लिहिलं होतं, की पहिले तीन दिवस दुसऱ्या रायडरने मुख्य रायडरच्या मागून, त्यांच्या वेगाने चालवायचं आहे.

कच्च्या लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि प्रश्न गुजरातीत. प्रमिलाबाईंचं शिक्षण चौथी, तीही शिंदखेड्याच्या मराठी शाळेत. नापास होतील आणि विषय संपेल, अशी एक बारीकशी आशा गजेंद्रने मनात धरून ठेवली होती. प्रमिलाबाई आत गेल्या आणि वीस मिनिटांत पास होऊन बाहेर आल्या. मागे बसणाऱ्याला समोरचं दिसत नसलं तरी बाजूच्या पाट्या दिसतात. चाळीस वर्षं उधना-नवसारी रोडवरच्या पाट्या वाचत गेलेल्या बाईला गुजराती अडतंय कुठे? रस्त्यावरच्या खुणा तर त्यांना गजेंद्रपेक्षा जास्त पाठ होत्या. त्यातल्या दोन खुणांचा अर्थ त्यांनी परत येताना मागच्या सीटवरून त्याला समजावून सांगितला.

आता शिकवायचं कोणी? नियम असा, की कच्चं लायसन्स असलेल्याच्या मागे पक्क्या लायसन्सवाला बसला पाहिजे. भेस्तानच्या मैदानात रविवारी सकाळी क्रिकेटवाले यायच्या आधी प्रमिलाबाई पुढे बसल्या. अंगात उज्ज्वलाचा पंजाबी ड्रेस, डोक्याला हेल्मेट. मागे गजेंद्र बसला. स्वतःच्या गाडीवर तो जन्मात पहिल्यांदा मागे बसत होता. पाय कुठे ठेवायचे ते कळेना, हात कुठे धरायचे ते कळेना. आईच्या हेल्मेटपलीकडचं काही दिसेना. गाडीने एक आचका दिला, बंद पडली. परत आचका, परत बंद. तो मागून ओरडून सांगत होता, क्लच हळू सोड, समोर बघ, ब्रेकवर पाय ठेव. आई परत गाडी चालू करत होती.

दुसरा रविवार गेला. तिसऱ्या रविवारी गाडी न आचकता निघाली आणि पहिल्या गिअरमध्ये अर्धं मैदान चालली. गजेंद्र एवढा खूश झाला, की त्याने मागून आईच्या खांद्यावर थोपटलं. गाडी थांबली. प्रमिलाबाईंनी दोन्ही पाय जमिनीवर टेकले.

"उतर खाले."

"काबर? काय व्हयनं?"

"काही नही. मांगे वजन पडस."

"आई, नियम शे. मांगे कोनी तरी पायजे."

"मैदान शे हाई. आठे नियम नही. उतर."

गजेंद्र उतरला. आईने आरशात स्वतःला बघितलं, हेल्मेटचा पट्टा नीट केला आणि क्लच सोडला. गाडी निघाली ती सरळ रेषेत, ड्रेसची ओढणी गच्च खोचलेली, पाठ ताठ. भिंतीपाशी ती वळवेल की धडकेल, म्हणून गजेंद्र श्वास रोखून धावत सुटला, तर तिने मस्तपैकी वळवली. ती समोरून जाताना त्याने हात केला. तिने बघितलं नाही. दुसऱ्या फेरीला तिने गिअर बदलला. क्रिकेटची पोरं आली होती, ती स्टंप हातात घेऊन कडेला उभी राहिली. एकाने विचारलं, काका, त्या कोण? गजेंद्र धापा टाकत म्हणाला, माझी आई.

तिसऱ्या फेरीला त्याने दोन्ही हात वर करून सांगितलं, आता पुरे, थांब. गाडी कशी थांबवायची, हे त्याने आईला पहिल्याच रविवारी शिकवलं होतं. दोनदा शिकवलं होतं. तिने करूनही दाखवलं होतं. पाचवी फेरी चालू होती.